आवाज काठाने चालतो

ग्दीनियात, बंदराच्या वरच्या चढावर
माझं दुकान. पाटीवर "व्हिडिओ" एवढंच उरलंय,
पुढचा शब्द समुद्री वाऱ्यानं नेला.
"दुरुस्ती" होता की "भाड्याने",
मलाही आता सांगता येत नाही.
दोन्ही करत होतो म्हणा.

आत चार बीटामॅक्स आहेत. मिळून एक चालतं.
एकाची मोटर, एकाचं हेड,
तिसऱ्याचं झाकण, आणि चौथं
उगाच, सोबतीला.
यांच्या पोटातले रबरी पट्टे वितळून डांबर होतात.
ते नखांत जातं, रॉकेलनं निघतं,
मग रात्री पावाला रॉकेलचा वास.

नव्याचे नऊ दिवस म्हणतात.
बीटाचे पुरते नऊही भरले नव्हते,
तोवर हॅम्बुर्गहून खलाशी उतरले
काखेत व्हीएचएस मारून.
चित्र बीटाचंच चांगलं! मी घसा फोडून सांगायचो.
लोक म्हणाले, असेल, पण यात अख्खा सिनेमा मावतो.
खरं होतं.
मावण्यापुढे देखणेपणाचं काही चालत नाही.
मग तबकड्या आल्या; पोरं त्यांत
आपले पडलेले दात बघायची.
मग त्याहून बारीक कोरलेल्या तबकड्या.
मग काहीच आलं नाही.
एका मंगळवारी लक्षात आलं,
मागच्या मंगळवारपासून दाराची घंटा वाजलेली नाही.

या फेब्रुवारीत ग्झेलाबाई आल्या.
वय एक्याऐंशी. ताटं पुसायच्या फडक्यात
एक बीटा कॅसेट, अंडी आणावीत तशी.

मी ओळखलं. त्यांच्या इमारतीत
एकच मशीन होतं तेव्हा, त्यांच्याकडे.
लोक आपापली खुर्ची घेऊन जिना चढायचे.
सिनेमा परका, बोली परकी,
आणि अलॉय्झी ग्झेला, बावीस वर्षं बोटीवर आचारी,
बंदरा-बंदरांतून वेचलेल्या इंग्रजीवर
माइक धरून सगळ्यांचं बोलायचा:
नायक, खुनी, खुन्याची आई, न्यायाधीश,
एकाच आवाजात, भाव न चढवता,
वाण्याची यादी वाचावी तसा.
जिथं कळत नसे तिथं म्हणायचा,
"आणि असंच पुढे."
आम्हाला तेवढं पुरायचं.

झाकण उघडलं. फितीवर पांढरी बुरशी.
बाई, म्हटलं, ही एकदाच चालेल. कदाचित तेवढीही नाही.
त्यांनी कोट काढला नाही, बसल्या.

फितीवर चित्र तिरकं लिहिलेलं असतं, मधोमध,
आणि आवाज काठाने चालतो,
गर्दीतून म्हाताऱ्या माणसानं भिंत धरून जावं तसा.
बुरशी मधोमध होती.

पडद्यावर नुसतं बर्फ. बर्फात मधूनच
एक खांदा, दिव्याचा खांब, पुन्हा बर्फ.
कुणी परकी बाई हुंदके देत काहीतरी सांगत होती,
आणि तिच्या अंगावरून, सपाट, थोडा सर्दीतला:
"जाऊ नकोस. मी कुणाला सांगणार नाही.
गाडी सहाला आहे. आणि असंच पुढे."

ग्झेलाबाई हसल्या. आधी हसल्या.
म्हणाल्या, इथं त्याला कळलं होतं हो सगळं.
मोठं वाक्य होतं. कंटाळा केला त्यानं.

चित्र साफ करून बघू का, मी विचारलं,
ग्दान्स्कला एक पोरगा आहे, संगणकावर करतो.
नको. त्यात तो नाहीच आहे.

पेनड्राइव्ह दिला. करंगळीच्या पेराएवढा.
त्यांनी तो उलटसुलट केला,
गुंडाळायची फीत कुठं आहे ते शोधत असाव्यात.
हा किती टिकेल?
खोटं बोलता आलं असतं.
दहा वर्षं, म्हटलं. मग याला लावायचं भोकच
कुठल्या यंत्राला राहणार नाही.
त्यांनी मनात काही हिशेब केला.
"पुष्कळ झाली," म्हणाल्या.

कॅसेट मात्र सोडली नाही. आता तिच्यात
काही उरलं नव्हतं, दोघांनाही ठाऊक होतं.
फडक्यात पुन्हा बांधून घेतली,
गाठ घट्ट आहे ना, मला दाखवली.

मशीन मी बंद केलं नाही लगेच.
ते गरम होतं. त्याचा तो वास,
धूळ, रबर, तापलेला तांब्याचा वेटोळा,
तो कशातच उतरवून घेता येत नाही.